दीड वर्षाच्या प्रत्येक बाळाची तपासणी हवी : ऑटिस्टिक मुलांच्या पालकांचा जाहीरनामा

आम्ही ऑटिस्टिक मुलांचे आईवडील, आजीआजोबा आणि शिक्षक आजपासून एकत्र येत आहोत. पहिली मागणी एकच : महाराष्ट्रातल्या प्रत्येक बाळाची दीड वर्षाच्या सुमारास ऑटिझमसाठी, म्हणजे स्वमग्नतेसाठी, तपासणी झालीच पाहिजे.

"मुलगे उशिराच बोलतात, त्याचा बापही असाच होता." हे आमच्या घराघरांत ऐकवलं गेलं आणि त्यात मोलाची वर्षं गेली. खुणा त्याआधीपासून दिसत असतात. वर्ष उलटलं तरी मूल नावाला ओ देत नाही. चांदोमामा दाखवला तर तुमच्या बोटाच्या दिशेने बघत नाही, स्वतः बोट करून काही दाखवत नाही. खेळण्यातली गाडी उलटी करून तासभर चाकच फिरवत बसतं. "पाणी हवं?" विचारलं की तेही "पाणी हवं?" एवढंच म्हणतं. मिक्सर लागला की कान गच्च दाबून कोपऱ्यात पळतं. यातलं एखादं लक्षण कुठल्याही मुलात दिसेल. तीन-चार एकत्र दिसली तर थांबू नका. मुलींकडे तर जास्तच लक्ष हवं. "किती शांत, गुणी पोर" म्हणत त्यांच्या खुणा नजरेआड होतात.

आईला दोष देणं आम्ही यापुढे ऐकून घेणार नाही. आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, ही समजूत बर्नार्ड रिमलँड यांनी 1964 मध्येच खोडून काढली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि ऑटिस्टिक मुलाचे वडीलही. लसीवर खापर फोडणारा 1998 चा लेख 'द लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. थोरलं भावंड ऑटिस्टिक असेल तर धाकट्यात ही शक्यता साधारण पाचात एक असते. आईवडिलांचं वाढलेलं वय, खूप आधी झालेली प्रसूती, गरोदरपणात घेतलेलं व्हॅल्प्रोएट हे फिट्सचं औषध यांनीही जोखीम वाढते. (फिट्सचं औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.)

मेंदूची घडण गर्भातच वेगळी होऊ लागते. काही मुलांचा मेंदू पहिल्या दोन वर्षांत भराभर वाढतो. मेंदूच्या भागांमधल्या जोडण्याही वेगळ्या असतात. तरीही एमआरआय किंवा रक्ततपासणीतून ऑटिझमचं निदान होत नाही. जाणत्या माणसाने मुलासोबत जमिनीवर बसून, त्याचा खेळ पाहूनच ते करावं लागतं. म्हणून स्कॅन दाखवून 'पूर्ण बरं करण्याची' हमी विकणाऱ्यांना आमचा ठाम विरोध राहील.

सोळा ते चोवीस महिन्यांत बूस्टर डोससाठी बाळ आरोग्य केंद्रात येतंच. तिथेच नर्सताईंनी ठरलेले प्रश्न विचारावेत. शंका आली तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवावं, आणि दिव्यांग प्रमाणपत्राची वाट न पाहता थेरपी सुरू व्हावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. आमच्या मुलांना शाळेचं दार बंद करणं आता चालणार नाही.

तुमच्या घरात, शेजारी दीड वर्षाचं बाळ असेल तर पुढच्या लसीकरणाच्या दिवशी ऑटिझमच्या तपासणीबद्दल स्वतःहून विचारा. आणि आमच्यात सामील व्हा.