भोंगा वाजल्यानंतर

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून एक प्रयोग आरंभिला. सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाईल व दूरचित्रवाणी संच बंद ठेवावयाचे. आशा व अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक दारोदार फिरले, म्हणून हा नियम रुजला. गावाचे अभिनंदन केलेच पाहिजे. परंतु त्या दीड तासात मुलांनी करावयाचे काय? अभ्यास आणि वाचन, असे वडीलधारी मंडळी सांगतात. पंधरा वर्षांच्या पोराला हलगी वाजवावीशी वाटते, चित्र काढावेसे वाटते, याची नोंद भोंगा घेत नाही.

प्रश्न मुळात अर्थकारणाचा आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि दरयुद्धात इंटरनेट कमालीचे स्वस्त झाले. पडद्यावरील करमणुकीला दाम पडत नाही, कारण तेथे विकला जातो तो पाहणाऱ्याचा वेळ. गिऱ्हाईक असतो जाहिरातदार. मुलाची नजर हलू नये यासाठी गलेलठ्ठ पगाराचे अभियंते राबत असताना त्याला संयमाचे पाठ देणे म्हणजे सावकाराच्या पाशातील शेतकऱ्याला काटकसर शिकविणे होय. याउलट छंद महागच राहिला. हलगीचा ठेका फोनवर पाहून शिकता येतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण तो चुकला हे सांगणारा जोडीदार, वाजविण्याजोगी जागा आणि वाद्य फोन पुरवीत नाही.

मुलींची गोष्ट आणखी निराळी. २०२३ च्या 'असर' पाहणीत, १४ ते १८ वयाच्या व स्मार्टफोन हाताळू शकणाऱ्या ग्रामीण मुलामुलींपैकी ४३.७ टक्के मुलग्यांचा स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण १९.८ टक्के होते. म्हणून मुलींचा वेळ छंदासाठी मोकळा राहिला, असे कोणी समजू नये. तो चुलीपाशी जातो, आणि दिवेलागणीनंतर घराबाहेर पडण्याची त्यांना मुभा नसते.

१९४१ साली स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाने शाखांवर खेळ आणि गाणी दिली, कलापथके उभी केली. तेथे मुलींनाही स्थान होते. आज गावोगावच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. त्या दोन तास उघडाव्यात, कला व संगीत शिक्षकांची रिक्त पदे भरावीत आणि मुलींना सोबतीने घरी पोहोचविण्याची व्यवस्था व्हावी, असे ठराव कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभांत मांडावेत. शाळेची किल्ली कोणाकडे राहील, हा वाद पहिल्याच बैठकीत निघेल. त्याची तयारी ठेवूनच जावे.