अडत कुणाच्या खिशातून?

‘बी.कॉम.च्या पोरांना अर्थशास्त्र हवंय कशाला? मागणीचा वक्र काढून कुणाला नोकरी लागलीय? त्यापेक्षा टॅली शिकवा, जीएसटीचं विवरणपत्र भरायला शिकवा आणि दोन महिने कुठल्यातरी कंपनीत धाडा.’ पालकसभेत हा सूर नेहमीचा. आता तो आमच्या स्टाफरूममध्येही निघतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर क्षेत्रप्रकल्प आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) यांना श्रेयांक मिळू लागल्यापासून या सुराला चांगलंच बळ आलं आहे.

तक्रार खोटी नाही, हे आधी कबूल करतो. निफाडकडचा, बापाचा कांदा विकून फी भरणारा मुलगा आमच्या वर्गात लवचिकता शिकतो ती चहा आणि कॉफीच्या उदाहरणावरून. परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड पाठ करतो आणि पास होतो. दुखणं खरं आहे. पण त्यावर अर्थशास्त्रच कमी करणं म्हणजे चष्म्याचा नंबर चुकला म्हणून डोळे मिटून घेणं.

‘हाताला काम मिळालं की डोकं आपोआप चालतं’, हा पहिला दावा. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत एका विद्यार्थ्याची, दुकानातल्या ओजेटीची फाईल माझ्यासमोर आली. स्पायरल बाइंडिंग, रंगीत मुखपृष्ठ, शिक्क्यासकट प्रमाणपत्र. आभाराच्या पानावर मात्र भलत्याच दुकानाचं नाव राहून गेलं होतं. ते सोडून दिलं आणि विचारलं, ‘मालकाला माल किती दिवसांच्या उधारीवर मिळतो?’ माहीत नव्हतं. ‘दिवाळीत दर वाढवले तर गिऱ्हाईक तुटतं का?’ तेही नाही. महिनाभर त्याने फक्त बिलं चढवली होती. त्यात त्याचा दोष नाही. जाताना आम्ही त्याच्या हातात पत्र दिलं होतं, प्रश्न दिला नव्हता.

दुसरा दावा, ‘थिअरी व्यवहारात कामाची नाही.’ मग बाजार समितीतच जाऊ. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. नुसता निरीक्षण करायला गेलेला विद्यार्थी वहीत लिहील, ‘अडत खरेदीदार देतो’, आणि घरी येईल. करभाराचा सिद्धान्त, म्हणजे पैसे कुणीही भरले तरी बोजा शेवटी कुणावर पडतो हे, शिकलेला तिथेच थबकेल. समजा, कांद्याला क्विंटलमागे २,००० रुपये बोली लागायची आणि चार टक्के अडत कापून शेतकऱ्याच्या हाती १,९२० यायचे. आता अडत खरेदीदाराच्या माथी आली. त्याने मनाशी २,००० चाच हिशेब धरला, तर तो बोलीच १,९२३ ची लावेल. कायदा बदलला, शेतकऱ्याला मिळाले तीन रुपये. प्रत्यक्षात असं झालं की नाही, हे कोण किती अडून बसू शकतो यावर ठरतं. नाशवंत माल ट्रॅक्टरमध्ये भरून आलेला अडून बसू शकतो, की कांदाचाळी-गोदामं असलेला? लवचिकता म्हणतात ती हीच. लिलावाच्या गलक्यात हा प्रश्न डोळ्यांना दिसत नाही. तो वर्गातून सोबत न्यावा लागतो.

उलट टोकाचेही आहेत. ‘विद्यापीठ म्हणजे आयटीआय नव्हे’, असं म्हणत ते बाजारभेटीला सहल ठरवतात. त्यांनी आपलंच घराणं आठवावं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावातली जमीन, कर्ज आणि मजुरी घरोघर तपासून १९१७ मध्ये पुस्तक काढलं. १९३० मध्ये स्थापन झालेल्या पुण्यातल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी पुण्याच्या फळबाजाराची आणि वाई तालुक्यातल्या शेतीची पाहणी केली. पुढे तेच प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. चिखलात पाय घातल्याने त्यांच्या विद्वत्तेला डाग लागला नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की वर्ग आणि बाजार यांच्यातला दुवा प्रश्न आहे, प्रमाणपत्र नव्हे. प्रत्येक सत्राला एक प्रश्न द्या. फाईलचं पहिलं पान आभाराचं नको, त्या प्रश्नाचं असू द्या. गुण हजेरीला देऊ नका. स्वतः गोळा केलेल्या आकड्यांना द्या आणि सिद्धान्त कुठे लागू पडला, कुठे फसला, या उत्तराला द्या. पोरांना नुसतं राबवून घेणाऱ्या मालकांची नावं यादीतून काढा.

‘वर्गात १२० मुलं, नेणार कुठे?’ न्यायची गरजच नाही, ती बाजारातूनच आलेली असतात. कुणाच्या वडिलांची टपरी आहे, कुणाची आई भिशी चालवते. निफाडच्या त्या मुलाच्या घरी कदाचित तारेला अडकवलेल्या कांद्याच्या जुन्या हिशेबपट्ट्या असतील, २०१६ च्या आधीच्याही आणि नंतरच्याही. त्या आणायला सांगा. भाव तर रोजच हलतो. मग त्यातून अडतीचा परिणाम वेगळा कसा काढायचा, हे त्याला विचारा. संख्याशास्त्राचं पुस्तक तो त्या दिवशी आपणहून उघडेल.