उत्तेजन आणि रोजची एक घटका

लिहिण्याची इच्छा बाळगणाऱ्या तरुणांची महाराष्ट्रात कधी वाण पडली नाही. वाण पडते ती लिहीत राहणाऱ्यांची. कुठे दाद मिळाली की आठवडाभर लेखणी धावते. हस्तलिखित ‘साभार परत’ आले, की ती महिनोन्‌महिने थांबते. आधी कोणी उत्तेजन द्यावे, मग आपण नियमाने लिहावे, असा हा हिशेब असतो. तो मुळातच उलटा मांडलेला आहे.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप हा टपाल खात्यातील नोकर. १८३४ ते १८६७ अशी ३३ वर्षे त्याने ही नोकरी केली. पहाटे साडेपाचला मेजाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिहायचे आणि मग कामाला जायचे, हा त्याने स्वतःला घालून घेतलेला दंडक. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या जमा झाल्या. १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातून हा हिशेब उघड झाला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. परंतु त्याच पुस्तकात एक कबुली आहे. पहाटे उठवून कॉफी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो वर्षाला ५ पौंड जादा देई आणि आपल्या यशाचे श्रेय इतर कोणाहीपेक्षा त्यालाच अधिक आहे, असे मानी. त्या नोकराने स्तुती केली नाही. नियम मोडू दिला नाही, एवढेच.

ट्रोलपचा वेग सर्वांना साधणार नाही. पण रोजची एक घटका, म्हणजे २४ मिनिटे, आणि २०० शब्द एवढे धरले, तरी वर्षातील २५० दिवसांत ५०,००० शब्द होतात. त्यातील निम्मे टाकाऊ निघाले, तरी उरलेले कालपर्यंत अस्तित्वातच नव्हते. वाढत जाणारी ही शिल्लक नवोदिताला जो धीर देते, तो टाळ्यांनी मिळत नाही.

तथापि, सवय एकट्याच्या निश्चयावर फार काळ तगत नाही. हरिभाऊ आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यातून क्रमशः लिहिली. अंक ठरल्या दिवशी निघायचा, वाचक वाट पाहत असायचा. स्फूर्ती आली नाही ही सबब तेथे चालणारी नव्हती. तात्पर्य, कौतुकापेक्षा अपेक्षा हे मोठे उत्तेजन आहे.

यावर एक रास्त आक्षेप निघतो. रोजची घटका सर्वांच्या हाती सारखी नसते. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्याला, चूल आणि मुले सांभाळणाऱ्या स्त्रीला शिस्तीचा उपदेश करणे सोपे. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळखही नव्हती. शेतात आणि जात्यावर त्यांनी ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातील माणसांनी त्या टिपून ठेवल्या, म्हणूनच १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आल्या. ऐकणारे आणि टिपणारे कोणी नसल्याने किती ओव्या जात्याच्या पिठाबरोबर उडून गेल्या असतील, याचा हिशेब कोणाच्याच वहीत नाही.

म्हणूनच या प्रश्नाला सामाजिक बाजू आहे. ‘सत्यकथा’चे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नव्या लेखकाच्या कथेवर सविस्तर पत्रे लिहीत. ते मासिक १९८२ मध्ये बंद पडले. आज प्रसिद्धीची साधने विपुल आहेत, शाबासकी तर क्षणात मिळते. आणि जी वस्तू फुकट व अमाप मिळते, तिला मोल उरत नाही. दुर्मीळ झाले आहे ते मन लावून केलेले वाचन, कारण त्याला वाचणाऱ्याचा वेळ खर्ची पडतो.

हा खर्च गावोगावच्या ग्रंथालयांना आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांना सहज उचलता येईल. महिन्यातून एक संध्याकाळ, चार-सहा लिहिणारे, प्रत्येकाची नवी पाने आणि ‘पुढचे कुठे आहे?’ असे विचारणारा एक जाणता वाचक, एवढे पुरे. त्यासाठी अनुदान नको, उद्घाटन नको, शाल-श्रीफळ तर नकोच. आणि अशी संध्याकाळ आपल्या गावी सुरू होईपर्यंत नवोदिताने काय करावे? एखाद्या मित्राला दर रविवारी आठवड्याची पाने मागण्याचा हक्क द्यावा, आणि उद्याची घटका आजच राखून ठेवावी.