ध्वजदिन कोणाचा?

७ डिसेंबर उजाडला की छातीवर तिरंगी नव्हे, तर लाल, गडद निळा व फिकट निळा असे तिन्ही सेनादलांचे रंग असलेले चिमुकले निशाण टाचले जाते. डब्यात नाणे पडते आणि कर्तव्य संपते!

सशस्त्र सेना ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. रणांगणी पडलेल्यांची कुटुंबे, जायबंदी जवान व माजी सैनिक यांना आधार देणे हा त्याचा घोषित हेतू. म्हणजे हा दिवस मुळात ऋणफेडीचा आहे, जयघोषाचा नव्हे. परंतु आपल्या सभा गाजतात त्या शत्रूच्या धिक्काराने. १९९९ साली कारगिलमध्ये ५२७ जवान कामी आले. त्यांपैकी पाच नावे तरी किती वक्त्यांना सांगता येतील?

याउलट काही सुबुद्ध मंडळी म्हणतात, असे दिवस युद्धाचे उदात्तीकरण करतात. शांतिप्रिय माणसाने दूर राहावे. हेही मान्य करता येत नाही. आपण दूर राहिल्याने युद्ध थांबत नाही, मृत तेवढा एकाकी पडतो. आजच्या रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस लाभला. राजा परका, भूमी परकी. घरचा आकांत मात्र मराठीच होता. युद्ध न्याय्य की अन्याय्य, हा जाब राज्यकर्त्यांना विचारावा. मेलेल्या शिपायाला नव्हे.

गुंजवण्याहून राजगडाच्या चोरदरवाजाकडे जाणारी वाट सुट्टीच्या दिवशी घोषणांनी दुमदुमते. त्या गडासाठी देह ठेवणाऱ्या बहुतेकांची नावे कोणी राखली नाहीत. त्याही आधी आपल्या पूर्वजांनी गावोगाव वीरगळ रोवले. वीरगळाच्या तळाच्या चौकटीत वीर निष्प्राण पडलेला दिसतो. स्वर्गारोहण त्यानंतर येते. आधी मरण पाहा, मग गौरव करा, ही त्या अनाम पाथरवटाची शिकवण आपण विसरलो.

२ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत आपल्या मृतांची नावे घेऊन प्रार्थना करतो. नाव घेणे म्हणजे नाते मान्य करणे. तेच नाते ध्वजदिनी का मानू नये? पुण्यातील युद्धस्मारक १९९८ साली नागरिकांच्या वर्गणीतून उभे राहिले. म्हणजे लोकांना हे जमते. प्रत्येक धर्मग्रामाने, प्रत्येक गावाने आपल्या परिसरातील पडलेल्यांची नावे मोठ्याने वाचावीत, त्यांच्या घरी जावे, वीरपत्नीच्या निवृत्तिवेतनाचे कागद अडले असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापर्यंत तिच्यासोबत चालावे. एवढे होणार नसेल, तर ते निशाण छातीवर टाचू नये.