दोरी पोरांच्या हाती द्या

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज रात्री जेवणे झाल्यावर आपल्या पोरास विचारून पाहा, क्षेत्रफळ म्हणजे काय? "लांबी गुणिले रुंदी," असे तो चटकन म्हणेल. मग विचारा, गुणून हाती आले ते काय? येथे पुष्कळांची मान खाली जाईल. अर्थ न कळता म्हटलेल्या मंत्रास आपण लग्नाच्या मांडवात हसतो. आणि तसलाच मंत्र शाळेत शंभरदा वदवून घेणाऱ्यास "मास्तर कडक, शिकवितो चांगला" म्हणून वाखाणतो! आम्ही स्वतः मास्तर आहोत, म्हणूनच हे स्पष्ट लिहितो. पाढे नकोत असे आमचे म्हणणे नाही. पाढ्यापाशीच शाळा थांबते, हे आमचे भांडण आहे.

ह्याचा दंड कोणास पडतो? वकिलाच्या पोरास घरी समजावून सांगणारा असतो. दंड पडतो तुमच्या पोरास. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. जागा १०८९ चौरस फूट, भोवतीचा बांध १३२ फूट. आता ५६ फूट लांब व १० फूट रुंद असा तुकडा घ्या. बांध तोच, १३२ फूट. जागा मात्र ५६० चौरस फूट, अर्ध्या गुंठ्याहून किंचित जास्त! बांध मोजून "पुरा गुंठा भरला" म्हणणाऱ्यास सूत्र घोकलेला पोरगा काय उत्तर देणार? तेच १३२ फुटांची दोरी चार पोरांच्या हाती द्या. चौकोन कधी चौरस, कधी चिंचोळा करू द्या. एका कडेस एकेक फुटाचे चौकोन आखून अशा ओळी किती बसतात, ते त्यांनाच काढू द्या. गलका होईल, हेडमास्तर डोळे वटारतील. वटारू द्यात.

कोणी म्हणेल, आमच्या पोरांस व्यवहार येतोच. २०२५ साली 'नेचर' ह्या नियतकालिकात कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास छापून आला. भावाचे हिशेब मनात झटपट करणारी ही पोरे शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या उदाहरणांत अडली; आणि बाजार न केलेली शाळकरी मुले बाजारच्या हिशेबात अडली. मधला पूल बांधणे हे मास्तराचे काम. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे, वेळ पडल्यास नांगर व वाकस धरू शकतील असे शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, असे मागितले, ते उगीच नव्हे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मुलाची समज आणि ती वापरण्याची शक्ती तपासावी असे आहे. त्याच कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत चारांत तीन सभासद पालक असतात. तेव्हा पुढल्या बैठकीत रंगरंगोटीच्या बिलावर सही किंवा अंगठा करण्याआधी मास्तरास विचारा: ह्या महिन्यात पोरांनी काय मोजले, काय तोलले, आणि तुम्हांस उलट प्रश्न किती विचारले?