नऊशे युरो

दर रविवारी भाचीला गंगापूर रोडवर टेनिसला सोडायचं काम माझं. परवा ताईने हळूच विचारलं, "उद्या ही म्हणाली टेनिसच खेळणार, तर रे?"

मला एकदम सुमित नागल आठवला. 2023 मध्ये भारताचा पहिल्या क्रमांकाचा एकेरीचा खेळाडू होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने सांगितलं होतं, बँकेत फक्त 900 युरो उरलेत. म्हणजे साधारण 80 हजार रुपये! कमावलेलं सगळं खेळातच गेलेलं.

भारतीय क्रिकेट संघाचा प्रवास-मुक्काम बोर्ड बघतं. टेनिसमध्ये विमान, हॉटेल, कोच, सगळं बहुतेक स्वतःच्या खिशातून. छोट्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलं तर परतीच्या तिकिटाचेही पैसे सुटत नाहीत.

2024 पासून एटीपीने किमान उत्पन्नाची हमी आणली, पण ती पुरुषांतल्या पहिल्या 250 जणांना. नदी पोहून आलेल्यालाच होडी! माझं म्हणणं एवढंच, छोट्या स्पर्धांत निदान राहण्या-जेवणाचा खर्च तरी आयोजकांनी उचलावा. खरी गरज तिथेच आहे.

ताईला मी "खेळू दे गं" म्हणालो खरा. पण खर्चाचं विचारलं असतं तर...? तुम्ही काय सांगितलं असतं?