पुरस्कार व्हेनिसला, माणूस गटारात

दर ऑक्टोबरात नोबेल पुरस्कार जाहीर झाले की कळंबोलीतल्या आमच्या कार्यकर्त्यांत तोच प्रश्न निघतो, 'आपल्या माणसाला कधी?' प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. पुरस्कार मिळाल्यावर आपण काय केलं, हेही विचारायला हवं.

'कोर्ट' हा मराठी सिनेमा आठवा. चैतन्य ताम्हाणेंच्या या सिनेमाला २०१४ साली व्हेनिस महोत्सवात ओरिझोंती विभागातला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणासाठीचा 'लायन ऑफ द फ्युचर' असे दोन पुरस्कार मिळाले. पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका म्हणूनही तो गेला. कथा काय? एका गटार कामगाराचा मृत्यू होतो आणि खटला चालतो लोकशाहीर नारायण कांबळेंवर. का, तर त्यांच्या गाण्याने कामगाराला आत्महत्येस प्रवृत्त केलं! सुरक्षेच्या साधनाशिवाय त्याला गटारात कुणी उतरवलं, हा प्रश्न मात्र आरोपीच्या पिंजऱ्यात कधीच उभा राहत नाही.

नारायण कांबळे साकारले ते नागपूरच्या वीरा साथीदार यांनी. 'विद्रोही'चे संपादक, आयुष्यभर आंबेडकरी चळवळीत राबलेला माणूस. १३ एप्रिल २०२१ रोजी, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने ते गेले. सिनेमातली गाणी संभाजी भगत यांची. म्हणजे जगाने ज्या कलाकृतीला मान दिला, तिच्यात आवाज आपल्या शाहिरी परंपरेचा होता. हे अभिमानाने सांगायचं.

पण तिथे थांबायचं नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ चा. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणाऱ्यास पहिल्याच गुन्ह्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख देण्याचा आदेश दिला, २०२३ मध्ये ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, याचा अर्थ मरणं थांबलेली नाहीत.

काही मित्र म्हणतात, परदेशी पुरस्कार म्हणजे उच्चभ्रूंचा खेळ, त्याचं आपल्याला काय? आम्हाला हे पटत नाही. कोलार गोल्ड फिल्ड्समध्ये सफाई कामगाराच्या घरात जन्मलेल्या बेजवाडा विल्सन यांना २०१६ मध्ये मॅगसेसे मिळाला. तो मान त्यांनी शोकेसमध्ये ठेवला नाही. गटारातल्या मृत्यूंबद्दल ते आजही सरकारला जाब विचारतात. पुरस्कार ही साक्ष आहे. साक्ष वापरली नाही, तर ती वाया जाते.

दुसरी टोकाची भूमिकाही तितकीच घातक. गोऱ्यांनी टाळी वाजवली की मगच आपली कला मोठी, असं मानणं ही नवी गुलामी आहे. शाहिरांचे जलसे व्हेनिसच्या आधीपासून माणसं उभी करत आले आहेत.

म्हणून, मित्रांनो, दोन कामं करा. आपल्या विहारात 'कोर्ट' दाखवा आणि नंतर चर्चा घ्या. मग माहितीच्या अधिकारात अर्ज टाका: आपल्या भागातली मलवाहिनी कोण साफ करतं, कंत्राट कुणाचं, यंत्रं किती, कामगारांना कोणती साधनं दिली? उत्तर आलं नाही, तर अपील करा.

सिनेमाने प्रश्न जगापुढे मांडला. तो आपल्या वॉर्डात मांडायला कुठल्या ज्युरीची वाट बघायची?

जय भीम!